साडेतीनशे मिलीलिटरचा श्वास

वसईला सोळा दिवस राहून आले म्हटलं की लोक आधी किल्ल्याचं विचारतात, मग समुद्राचं, मग केळ्यांचं. मी किल्ला पाहिला नाही. समुद्रही पाहिला नाही. माझे बहुतेक दिवस एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर गेले. शाळेच्या सहली घेऊन मी वेरूळ पाहिलंय, रायगड पाहिलाय, एकदा पार कन्याकुमारीला जाऊन आलेय. पण इतकी थक्क होऊन मी कुठूनच परतले नव्हते. जे त्या दारापलीकडे कधी गेले नाहीत, आणि देव करो जावंही लागू नये, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आचोळे

माझा धाकटा भाऊ दिलीप अठ्ठावीस वर्षांपूर्वी मेहकर सोडून गेला. वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, नालासोपाऱ्यात आचोळ्याला त्याचा फ्लॅट आहे. फेब्रुवारीत त्याला ताप आला, चार दिवस त्यानं अंगावर काढला, पाचव्या दिवशी जिना चढताना मधेच बसला. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. मंगलचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीची डाळ वाळत घालत होते.

"ताई, त्यायले मशीनवर ठेवलं," एवढंच ती म्हणाली. मी डाळ तशीच टाकून निघाले.

सकाळी मी आचोळ्याला पोचले तेव्हा शेजारच्या बाई मंगलला बळेच चहा पाजत होत्या. त्या मजल्यावर चार दारं आणि चार भाषा. आमच्याकडे आजारी माणसाच्या घरी अख्खी गल्ली येऊन बसते. इथं कुणी बसलं नाही, पण दाराबाहेरच्या खुंटीला कुणीतरी डब्याची पिशवी अडकवून गेलं होतं आणि ती पुढचे सोळा दिवस रोज अडकत राहिली. कोण अडकवतं ते मला शेवटपर्यंत नीटसं कळलं नाही.

आयसीयूत सकाळी आणि संध्याकाळी एकेकालाच आत सोडत. मी आत गेले. दिलीप गाढ झोपेच्या औषधाखाली होता. तोंडातून नळी, ती चिकटपट्टीनं गालाला बांधलेली. शेजारी यंत्र, त्यावर तीन रंगांच्या लाटा. त्याची छाती हलत होती, पण ती तो हलवत नव्हता. हे बघायला लागेपर्यंत कळत नाही, आणि एकदा कळलं की दुसरं काही दिसत नाही.

त्याच्या पायाशी एक सिस्टर शिवणकामाची टेप घेऊन उभी होती. पस्तिशीची, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा. नाव ग्रेटा. ती वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातली. घरच्यांशी फोनवर जी बोली बोलायची ती मराठीच, पण मला दहातला एक शब्द लागायचा. माझ्याशी मात्र ती स्वच्छ बोलली.

"बाई, तुम्ही बहीण ना? यांची उंची किती?"

"पाच फूट नऊ इंच," मी ताबडतोब सांगितलं.

"यांच्या मिसेसनीही रात्री तेच लिहून दिलं. मला पटेना." तिनं टाचेपासून टाळूपर्यंत टेप लावली. परत लावली. "पाच चार आहेत."

ते पाच नऊ मीच लिहिलेलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी दिलीपच्या लग्नाच्या परिचयपत्रात, माझ्या हस्ताक्षरात. मंगलनं ते तेव्हा वाचलं आणि आजवर तेच खरं धरून चालली.

सिस्टरनं डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर सानप, तिशी ओलांडलेली मुलगीच म्हणायची, डोळ्यांखाली काळं. तिनं आकडा ऐकला, हिशेब केला आणि यंत्रावर एक खुंटी फिरवली. पडद्यावरची लाट थोडी बुटकी झाली.

"काय केलंत?" मी विचारलं.

"श्वास लहान केला. प्रत्येक श्वास उंचीवरून ठरवतो. आता साधारण साडेतीनशे मिलीलिटर."

"उंचीवरून? वजनावरून नाही? त्याचं वजन तर चौऱ्याऐंशी किलो आहे."

"माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही ना, बाई. ते उंचीबरोबरच वाढतं आणि तिथंच थांबतं."

तीस वर्षं मी श्वसनसंस्था शिकवली. हे मला माहीत नव्हतं. बाहेर बाकावर येऊन मी वहीत गुणाकार मांडला. मी लिहिलेल्या पाच इंचांमुळे दर श्वासाला सत्तर मिलीलिटर हवा जास्त जात होती. निम्मा कप चहाएवढीच. पण मिनिटाला चोवीस श्वास, तासाची साठ मिनिटं, दिवसाचे चोवीस तास. चौतीस हजारांवर श्वास. प्रत्येक श्वासाला तेवढा जास्तीचा ताण, आणि तोही आजारी फुफ्फुसावर.

मंगलला सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग हसतच रडायला लागली. "चोवीस वर्षं मी शेजारी उभी राहून फोटो काढले वं ताई, मले कसं नाही दिसलं?"

दारापाशी

बाकावर आमच्याशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसायचे. भालचंद्रकाका. खाडीकाठच्या गावातले, आयुष्यभर मिठागरात आणि भातशेतीत राबलेले. त्यांची बायको, जनाकाकी, दिलीपच्या शेजारच्या खाटेवर. तिलाही नळी, तिलाही तेच यंत्र. काका मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीनबाय' म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चिडले. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा नव्वद होता, कधी एकोणनव्वद. रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला. आणि दिलीपची छाती जेमतेम वरखाली होत होती. मी डॉक्टरना गाठलं.

"तुम्ही माझ्या भावाला उपाशी ठेवताय," मी म्हणाले. आवाज चढलाच होता. "हवा वाढवा. यंत्रात हवा नाही का?"

ती चिडली नाही. तिनं मला टेबलाशी नेलं आणि दिलीपच्या छातीचा स्कॅन उजेडावर धरला. "बाई, यात काळं दिसतंय ना, ती हवा. पांढरं दिसतंय तिथं सूज आणि पाणी. बघा, काळं किती उरलंय?"

पाठीकडचा सगळा भाग पांढरा होता. काळं उरलं होतं ते वरच्या बाजूला, माझ्या तळहातापेक्षाही कमी.

"एवढ्या मोठ्या माणसात आत्ता लहान मुलाएवढंच फुफ्फुस कामावर आहे," ती म्हणाली. "मी मोठा श्वास दिला तर तो पांढऱ्यात शिरत नाही. सगळा या काळ्यात जातो. ते ताणलं जातं, सुजतं, फाटूही शकतं. म्हणजे जेवढं वाचलंय तेच मी माझ्या हातानं मोडते. न्यूमोनियानं जेवढी माणसं दगावतील त्यात यंत्राच्या हातची भर घालायची नाही, एवढंच माझं काम आहे."

"पण आकडा नव्वद?"

"नव्वदवर माणूस जगतो. शंभरासाठी फुफ्फुस मोडायचं नाही. कार्बन डायऑक्साइडही थोडा चढलेला चालतो, मी लक्ष ठेवून आहे. अजून एक सांगते, श्वास सोडल्यावरही आम्ही आत थोडा दाब ठेवतो. पूर्ण मिटू देत नाही. मिटलेलं परत परत उघडताना ते घासतं."

मी आयुष्यभर फळ्यावर दोन फुगे काढून फुफ्फुसं शिकवली होती. फुगा फुंकला की फुगतो, सोडला की बसतो, मुलं टाळ्या वाजवायची. आत तीस कोटींच्या घरात हवेचे इवलेसे कोश असतात हे मीच सांगायचे, पण ते एकमेकांना धरून असतात, एक मिटला की शेजारच्याला ओढतो, आणि ते उघडे ठेवण्यासाठी कुणीतरी एका खुंटीवर बोट ठेवून रात्रंदिवस जागत असतं, हे मनाला कधी शिवलंच नव्हतं. मी डॉक्टरची माफी मागितली. ती म्हणाली, "विचारत जा. न विचारणाऱ्यांचीच मला भीती वाटते."

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा घसरला. शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. डॉक्टर बाहेर आली. "पालथं घालावं लागेल. सोळा तास. पाठीकडचं फुफ्फुस दाबलं गेलंय, त्याला मोकळं करायचं. नळीसकट उलटं करण्यात धोका आहे. मंगलताई, सही लागेल."

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनंच पेन घेतलं.

पडदा ओढायचा राहिला की मुद्दाम ठेवला, ते माहीत नाही, पण काचेतून मला सगळं दिसलं. सहा जण खाटेभोवती उभे राहिले, तीन इकडे, तीन तिकडे. डोळ्यांत मलम घालून त्यावर पट्ट्या लावल्या. छातीखाली आणि कमरेखाली येतील अशा उशा ठेवल्या. प्रत्येक नळी कुठून कुठं जाईल ते एकमेकांना मोठ्यानं सांगितलं. सिस्टर ग्रेटा डोक्याशी, तिच्या एका हातात त्याचं डोकं आणि दुसऱ्यात नळी. बाकी कुणी बोलायचं नाही, हुकूम तिचाच.

"माझ्या तीनवर," ती म्हणाली. काचेतून ओठ वाचता आले. "एक. दोन. तीन."

चौऱ्याऐंशी किलोचा माझा भाऊ आधी खाटेच्या कडेला सरकला, मग कुशीवर, मग पालथा. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर पालथं घेतात ना, तसा. कुठं ओढ नाही, हिसका नाही. त्याचं तोंड उजवीकडे वळवलं, एक हात डोक्याजवळ, एक अंगाशी, पोहणाऱ्यासारखा. सगळं मिळून पाच मिनिटंही गेली नसतील. मग सगळेच जण पडद्याकडे बघत उभे राहिले. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. बराच वेळ पंच्याऐंशी. मग एकोणनव्वद. संध्याकाळी चौऱ्याण्णव, आणि डॉक्टरनं ऑक्सिजन कमी करायला सुरुवात केली.

त्यांच्यातला एक जण पुढच्या खाटेकडे निघून गेला, एक पाणी प्यायला. कुणी कुणाची पाठ थोपटली नाही. मीच काचेला कपाळ टेकून उभी होते.

खाडीकाठ

असं चार दिवस चाललं. सोळा तास पालथा, मग उताणा, परत पालथा. यातच, मी आल्याच्या पाचव्या दिवशी, मंगलनं मला बाहेर हाकललं. "ताई, जरा उन्हात जाऊन ये, तुझा चेहरा पांढरा झाला." काका दुपारच्या मधल्या वेळात घरी जायचे, बैलाला पाणी दाखवायला. ते म्हणाले, "चल मास्तरीनबाय, मीठ कसं पिकतं ता दाखवतो."

मेहकरला मीठ पुडीतून येतं. इथं ते जमिनीवर पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दूरवर चौकोनी वाफे, पाण्यात आकाश उतरलेलं, मधूनमधून पांढरे ढीग, आणि त्यापलीकडे एकावर एक चढलेल्या इमारती. एक बगळा वाफ्यात स्वतःच्या सावलीवर उभा. आमच्या बुलढाण्याच्या काळ्या मातीत उभं राहिलं की जमीन आपल्याला धरून ठेवते. इथं वाटतं आपण पाण्यावर उभे आहोत, आणि ते बऱ्यापैकी खरं निघालं. बांधावरून चालताना माझा पाय सटकून चिखलात पोटरीपर्यंत गेला. पाय निघाला, चप्पल राहिली. काकांनी कोपरापर्यंत हात घालून बघितलं. "गेली ती. आता खाडीची झाली."

एका पायात चप्पल घालून मी पुढचा भाग पाहिला. भरतीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कसं सोडतात, ते दाट कसं होत जातं, ते काकांनी दाखवलं. "पानी घाईनं सोडायचं नाय. तळाची माती उठली का मीठ काळं पडतं. मंग कोन घेतो?"

घरी त्यांच्या सुनेनं तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. भाकरी पांढरीशुभ्र, ओल्या रुमालासारखी मऊ. ज्वारीच्या भाकरीसारखी ती मोडत नाही, लवते. मासा मी जन्मात दोनदा खाल्लेला. पहिल्या घासाला काटा घशात अडकला. सुनेनं न बोलता कोरड्या भाकरीचा मोठा तुकडा पुढे केला, तो गिळला आणि काटा गेला. काका मात्र न जेवता ताटाला बोट लावून बसले होते.

"पंचेचाळीस वर्सं ती माझ्यासमोर बसली नाय जेवायला," ते म्हणाले. "आधी मला, मंग ती. आता वाटतं, 'बस' बोललो असतो तं बसली असती."

जाताना सुनेनं तिच्या जुन्या चपला मला दिल्या. त्या एक बोट मोठ्या होत्या. मी त्या घालूनच मेहकरला आले.

सातवा दिवस

जनाकाकी सातव्या दिवशी सकाळी गेल्या. त्यांचं वय जास्त होतं, मूत्रपिंडं आधी थांबली, मग हृदय. त्यांनाही पालथं घातलं होतं, त्यांचाही श्वास टेप लावून मोजलेला. काही कमी पडलं नव्हतं. मी डॉक्टरकडे बघितलं तर तिनं मान हलवली आणि वळून हात धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मला वाटलं, आता काका दिसायचे नाहीत. पण त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले. डोकं भादरलेलं, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. त्या त्यांनी आत सिस्टर ग्रेटाला पाठवल्या. मला सांगितलं, "शेवटी मी तिच्या छातीला हात लावला. मला वाटलेलं, मशीननं ठोकून ठोकून काय ठेवलंय नाय ठेवलंय. पन काय नव्हतं. हलक्या हातानं ठेवलेली. त्यांना सांग, भालूनं सांगितलंय."

मग म्हणाले, "तुझा भाऊ कसा हाय?"

मी सांगितलं, आजच झोपेचं औषध कमी करतायत. ते बाकावर बसले. "मंग थांबतो."

दहावा दिवस

जागं होणं मला वाटलं होतं तसं गोड नव्हतं. औषध उतरलं तसा दिलीप यंत्राशी झगडायला लागला. यंत्र श्वास देतंय आणि हा आपलाच ओढतोय, जोरात, छाती ताणून. पडद्यावरच्या लाटा वेड्यावाकड्या झाल्या, भोंगा वाजला. मला आत बोलावलं होतं, ओळखीचा आवाज हवा म्हणून, आणि मी भिंतीला चिकटले.

"बाई, बोला त्यांच्याशी," सिस्टर ग्रेटा म्हणाली. "असा श्वास ओढून ते स्वतःच स्वतःला इजा करतील."

मी त्याचा हात धरला. काय बोलावं ते सुचेना. म्हणून वर्गात बोलायचे तसं बोलले. "दिलीप, घाई करायची नाही. मशीन देतंय तेवढाच घे. आता सोड. आता घे." डॉक्टरनं यंत्रावर दोन खुंट्या फिरवल्या, हवा येण्याचा वेग त्याच्या ओढीला जुळवला. सिस्टरनं त्याच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि उचललाच नाही. हळूहळू लाट सरळ झाली. यंत्राचा श्वास आणि त्याचा श्वास एकमेकांत मिसळले. किती वेळ गेला ठाऊक नाही, पण माझा हात बधिर झाला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास यंत्राचा आधार अगदी कमी करून बघितला. डॉक्टर खाटेशी उभी राहून त्याच्या मानेकडे, नाकपुड्यांकडे, पडद्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "काढू या."

नळी निघाली आणि दिलीप खोकला. घोगरा, ओला, कर्कश खोकला. घरी असा खोकला ऐकला असता तर मी काढा उकळायला धावले असते. इथं सिस्टर ग्रेटा हसली, डॉक्टर हसली, शेजारच्या खाटेपाशी उभा वॉर्डबॉय म्हणाला, "वा दिलीपभाऊ, और एक!" दिलीपनं आणखी एक दिला.

मग त्यानं डोळे उघडले आणि मला बघितलं. अठ्ठावीस वर्षांत त्याची भाषा पार मुंबईची झालेली. फोनवर तो माझ्याशीही 'चल, ठेवतो, नंतर बोलू' असंच बोलतो. पण फाटक्या आवाजात तो म्हणाला, "कधी आली वं ताई?"

काचेपलीकडे मंगल होती, आणि तिच्यामागे भादरलेल्या डोक्याचे काका. मी दोघांना हातानं खूण केली. काकांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि जिन्याकडे वळले.

निघताना

सोळाव्या दिवशी दिलीप साध्या खोलीत होता. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीच्या हाताला धरून तो दारापर्यंत चालला. सात पावलं. परत आला, खुर्चीत बसला, दमला. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, दम महिनोन्महिने लागेल, लेथवर लगेच जायचं नाही, पण फुफ्फुस शाबूत आहे.

माझी गाडी संध्याकाळची होती. मंगल औषधं आणायला खाली गेली. दिलीप बोलता बोलता खुर्चीतच झोपला. खिडकीतून कडक ऊन आत आलं होतं. त्याच्या अंगावर हॉस्पिटलचा निळा सदरा, त्याची वरची दोन बटणं उघडी. यंत्र नव्हतं, पडदा नव्हता, कसलाही आकडा नव्हता. त्याची छाती वर जात होती आणि खाली येत होती, कधी थोडी लवकर, कधी थोडी उशिरा, मधेच एक लांब उसासा टाकून पुन्हा आपल्या चालीवर. मी पिशवी मांडीवर घेऊन समोर बसले.

मंगल वर आली तेव्हाही मी तशीच बसलेली. "ताई, निघायचं नाही का? गाडी चुकेल. काय बघतेस एवढं?"

"बस," मी म्हणाले. "तूही बघ."

ती माझ्या शेजारी बसली.